वीरधवलचं लग्न आणि सकाळचा खेळ

मळवाडी, ता. कराड
सोमवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. आक्कास,

धाकट्या नाथाजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझी कंबर आता तेवढी वाकत नाही, तेव्हा आठांपैकी पाच-सहा अंगं तरी पोचली असं धर.) दाजींनाही नमस्कार. तुझ्या पायाचं प्लास्टर या आठवड्यात काढणार होते, ते काढलं का? काढलं असेल तर लगेच काठी टाकून गोठ्यात जाऊ नकोस. मेढ्याला यंदा थंडी लवकर उतरली असं ऐकतो, रात्री पाय उघडा ठेवू नकोस. आमच्या सौ.नं मेथीचे लाडू करून ठेवले आहेत, ते येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो. (कडू झाले आहेत. तिला सांगू नकोस, मीही सांगितलेलं नाही.)

तू म्हणशील, घरात चार मोबाईल असताना पत्र कशाला. त्याला कारण तूच. गेल्या आठवड्यात मी फोनवर सगळी हकीकत सांगायला घेतली, तर तू मला मधेच तोडून म्हणालीस की नाथा, तू परेडवर उभं राहून बोलतोस, मला नुसतं ओरडणं ऐकू येतं, शब्द ऐकू येत नाहीत, काय झालं ते सविस्तर लिहून पाठव. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हुकूम मोडता येत नाही. म्हणून दप्तरातले जुने कागद काढून बसलो आहे. चष्मा सापडायला अर्धा तास गेला, तो कपाळावर होता.

तर विषय आपल्या वीरधवलचा. आपला दादा जाऊन चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून बापामागं साडेसहा एकर ऊस आणि नऊ म्हशी हे पोरगं एकटं बघतं आहे. मी आहे, पण मी देखरेख करतो. (देखरेख म्हणजे काय हे वहिनीला विचारू नकोस, ती काहीतरी लावून सांगेल.) शेतकीची पदवी आहे, व्यसन नाही, रंगरूप दादासारखं, आणि तरी बत्तिसावं लागलं. अकरा मुली बघून झाल्या, त्यातल्या सातांची यादी तूच दिली होतीस. एकीला शेणाचा वास सोसत नव्हता. एकीच्या आईनं मुलाला पुण्यात फ्लॅट आहे का असं पोहे यायच्या आतच विचारलं. नववीनं होकार दिला आणि आम्ही पेठ नाक्यावर पेढे घ्यायला थांबलो तोवर फोनवर तो परत घेतला. पेढे आम्हीच खाल्ले. बारावं स्थळ आलं तेव्हा वीरधवल मला उसाच्या बांधावर म्हणाला, "तात्या, ह्ये शेवटचं. ह्याच्या म्होरं मी येणार न्हाई. बाजारात दावणीला बांधून दात बघितल्यागत वाटतं मला."

हे बारावं स्थळ सांगलीचं. वहिनीच्या मावसबहिणीनं काढलं. मुलीचे वडील जोतिबाराव मूळचे तासगावकडचे, पाटबंधारे खात्यात होते, आता निवृत्त होऊन विश्रामबागेत घर बांधून राहतात. मुलगी सृष्टी, वय अठ्ठावीस, बी. कॉम., एकुलती एक. नोकरी मात्र अशी की मावसबहिणीनं ती अगदी शेवटी, हळू आवाजात सांगितली. मुलगी थेटरात मॅनेजर आहे. सांगलीत तीन पडद्यांचं एक थेटर आहे, तिथं तिकिटापासून झाडलोटीपर्यंत आणि एसीपासून भांडणापर्यंत सगळं ती बघते. या नोकरीपायी तिचीही सहा-सात स्थळं फिरली होती. लोकांना वाटतं थेटरातली नोकरी म्हणजे काय न् काय. मी तिला आमच्या पद्धतीनं विचारलं की हाताखाली माणसं किती. ती म्हणाली, चौदा, आणि रविवारी तिकिटं काढून आलेली सहाशे वेगळी. आक्का, मला मुलगी तिथंच पसंत पडली.

चहापोहे झाले. (पोहे चांगले होते, शेंगदाण्याचा हात जरा आखडता.) जोतिबाराव म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. अकरा घरांत आम्हाला जे जे विचारलं गेलं होतं, विहीर किती फूट, रस्ता डांबरी का, सासू स्वभावानं कशी, या सगळ्याची उत्तरं माझ्या तोंडावर होती. मुलीनं वीरधवलकडं बघून विचारलं की तुम्ही शेवटचा कुठला सिनेमा पाहिलात, आणि तो चांगला होता का, असला तर कशानं.

हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. वीरधवल पंख्याकडं बघायला लागला. मी त्याला टीपॉयखालून पायानं खूण केली, ती चुकून जोतिबारावांच्या नडगीवर बसली, आणि त्या भल्या माणसानं ती चहाच्या घोटाबरोबर गिळली. शेवटी आपलं पोरगं म्हणालं की चार वर्षांत एकही सिनेमा पुरा बघितलेला नाही, अंधार झाला की झोप येते, कारण पहाटे चारला म्हशींसाठी उठावं लागतं. खरं बोललं. पण मुलगी बघायला गेलेल्या माणसानं इतकं खरं बोलायचं असतं का?

पुतण्यानं शस्त्रं खाली ठेवलेली बघून मी आघाडी सांभाळली. चांगल्या सिनेमाला तीन गोष्टी लागतात, असं मी सुरू केलं. शेवटी गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, गाणी दोनाच्या वर नकोत, आणि फौजी दाखवायचा असेल तर डोक्यावर टोपी नसताना त्यानं सॅल्यूट करता कामा नये. या तिसऱ्या मुद्द्यावर मी जरा विस्तारानं बोललो. (वहिनी म्हणते वीस मिनिटं, पण वहिनीकडं घड्याळ नव्हतं.) मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी यांना विचारलं होतं."

मग तिनंच तोड काढली. म्हणाली, येत्या रविवारी आमच्याकडं सकाळी दहाला एक छोटा मराठी सिनेमा आहे. त्याला कोणी येत नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो उतरणार. तुम्ही सगळे या, बघा आणि मला सांगा. चांगला म्हणा, वाईट म्हणा, पण कशानं ते सांगा. बरोबर उत्तर माझ्याजवळही नाही. परत येताना वहिनी गाडीत म्हणाली की ही नको म्हणायची नवी तऱ्हा आहे, सिनेमा दाखवून वाटेला लावायचं. आष्ट्याच्या पुढं आल्यावर मात्र वीरधवलनं मला विचारलं की शेवटी ती हसत होती का तिचा चेहराच तसा आहे. जवान अशी चौकशी करायला लागला की समजावं, अजून लढाई संपलेली नाही.

रविवारपर्यंत चार दिवस होते. मी तयारीला लागलो. आपल्या रानात सध्या जतकडच्या बिराप्पाची मेंढरं बसलेली आहेत. (यंदा खत बेस होणार.) साठीचा माणूस, जत्रेतल्या तंबूत त्यानं आयुष्यभर सिनेमे बघितलेत, म्हणून पहिल्यांदा त्याला गाठलं. त्यानं घोंगडं सारखं केलं, विचार केला आणि म्हणाला, "सुभेदार, ज्या शिनेमात माणूस लघवीला उठायचं इसरतं, त्यो चांगला. बाकी समदं झूट." मला हे पटलं, पण भावी सुनेपुढं मांडण्याजोगं वाटेना. मग चौकातल्या मोबाईलच्या दुकानातला पप्पू. हा चाळीस वर्षांचा बाप्या रोज एक सिनेमा बघतो आणि दोन शिव्या घालतो. त्यानं मला एक वाक्य दिलं आणि सांगितलं की हे जगातल्या कुठल्याही सिनेमाला चालतं. 'पहिला भाग घट्ट बांधलाय, मध्यंतरानंतर जरा सैल पडतो, पण कॅमेऱ्याचं काम अप्रतिम.' मी ते पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि वीरधवलकडून धारेच्या वेळी तीन दिवस घोकून घेतलं. म्हशींनाही पाठ झालं असेल.

रविवारी पहाटेच एका म्हशीला रेडकू झालं, म्हणून निघायला उशीर. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, एकाला ओलांडावं तर पुढं दुसरा. वहिनी मागं बसून देवाचं नाव घेत होती, आणि मी वीरधवलला सांगत होतो की झोप आली तर मांडीला चिमटा काढ, मी शेजारीच आहे, मी कोपरखळी मारत राहीन, तू काळजी करू नकोस. दहाला पाच कमी असताना पोचलो. सृष्टी दारातच उभी होती, निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात ते बोलायचं यंत्र. आमच्या कंपनी कमांडरलाही कोट इतका शोभत नव्हता. तिनं आम्हाला नेऊन बसवलं आणि ती बाहेर गेली. आत आम्ही तीन आणि इतर नऊ, एकंदर बारा माणसं.

खुर्च्या मात्र फार चांगल्या, आक्का. मागं रेलतात. मी बूट काढले, पाय मोकळे सोडले आणि सिनेमाचं बारकाईनं निरीक्षण सुरू केलं. सुरुवातीला नावं येतात, ती सगळी मी वाचली. त्यानंतर काही वेळ डोळे मिटून संगीताकडं लक्ष दिलं. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि वहिनी पदरानं डोळे पुसत होती. वीरधवल पडद्याकडं बघत बसला होता. पडद्यावर काही नव्हतं, नुसता पांढरा पडदा. मी त्याला हलवलं आणि पुठ्ठा दिला. तो त्यानं बघितलासुद्धा नाही. उठला आणि चालायला लागला, आणि मी मागोमाग.

बाहेरच्या दालनात सृष्टी थांबली होती. तिनं विचारलं, कसा होता. मी घसा खाकरून 'पहिला भाग' एवढं म्हणतोय, तोच वहिनीनं माझा दंड असा धरला की बोटांचे वळ अजून आहेत. ती पोरगी थांबली. कुणी तिला यंत्रातून हाक मारत होतं, तिनं ते बंद केलं आणि थांबली. मग आपला वीरधवल बोलला. मी त्याला जन्मापासून ओळखतो, पण इतकं सलग बोलताना मी त्याला ऐकलेलं नाही.

म्हणाला, सिनेमातली बाई म्हशीखाली बसली आणि लगेच धार पडायला लागली, ते खोटं. रेडकू पार तिकडं बांधलेलं. रेडकू लावल्याशिवाय, म्हैस पान्हवल्याशिवाय धार देत नाही, तिथं वाट बघावी लागते. ते बघून मला राग आला आणि झोप उडाली. (इथं मला टोपीशिवायचा सॅल्यूट आठवला. शेवटी रक्त एकच.) पुढं त्यानं सांगितलं त्यावरून गोष्ट अशी दिसते की नवरा गेल्यावर ती बाई म्हैस विकते, एवढीच. दुसरं काही घडत नाही. विकून आली, पाय धुतले, चूल पेटवली. दिवेलागणीला नेहमीसारखी आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची, बादली भरली आणि गोठ्यात गेली. गोठा रिकामा. बादली हातात घेऊन नुसती उभी राहिली. गाणं नाही, रडणं नाही.

मग तो म्हणाला, "ते खरं हाय. दादा गेल्याला चार वर्सं झाली. घराकडं वळताना मी अजून हॉर्न देतो. दादा हॉर्न ऐकून फाटक उघडायला यायचे. आता कोण उघडणार हाय? खाली उतरून मीच उघडतो. पण हॉर्न देतो."

आक्का, मी त्या हॉर्नवरून त्याला चार वर्षं बोललो आहे. सकाळ-संध्याकाळ बोललो आहे. मोकळ्या रस्त्यावर कशाला बोंबलतोस, म्हशी बुजतात, शिस्त नाही म्हणून. त्यानं मला एकदाही सांगितलं नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही. वहिनीला माहीत होतं की नाही कोण जाणे, ती भिंतीवरच्या जाहिरातीकडं तोंड करून उभी राहिली. मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकं खजील व्हायची वेळ आली नव्हती.

शेवटी वीरधवल म्हणाला, चांगला का वाईट ते मला सांगता येत नाही, धार खोटी होती आणि बादली खरी होती, पण परत लागला तर मी परत बघेन. मग सृष्टीनं सांगितलं की पाच वर्षं ती या दारात उभी राहून बाहेर येणारी माणसं बघते आहे. वाईट सिनेमातून माणसं फोन हातात घेऊनच बाहेर येतात. चांगल्यातून येतात ती जिन्यापर्यंत फोन काढत नाहीत, हळू चालतात आणि वस्तू विसरतात. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी. नंतर मागायला येतात तेव्हा रागावलेली नसतात. एवढं सांगून तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "काकांना तर फारच आवडलेला दिसतोय."

मी नुसत्या मोज्यांवर उभा होतो. बूट आत खुर्चीखाली राहिले होते. (मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, तेही तिथंच कळलं.) वीरधवल हसला. दादा गेल्यापासून तो हसला नव्हता असं नाही, पण हे हसू वेगळं होतं, पोट धरून.

त्यानंतर वहिनीनं, लग्नाच्या बोलण्यात कधीतरी काढावाच लागणारा विषय काढला. लग्नानंतर नोकरीचं काय. सृष्टी म्हणाली, सोडणार नाही. त्यांचे मालक कराडला दोन पडद्यांचं थेटर काढताहेत, तिथं बदलीचा अर्ज तिनं मे महिन्यातच केला आहे, म्हणजे आमचं स्थळ येण्याआधी, बदली मिळेल असं तिला वाटतं पण खात्री देणार नाही. वहिनी म्हणाली, संध्याकाळच्या खेळाला सून थेटरात आणि सासू घरात, लोक काय म्हणतील. इथं काम बिघडतंय असं मला वाटलं. वीरधवल म्हणाला, मीबी संध्याकाळी गोठ्यातच असतो, आये, घरात कोण असतंय? आणि मग सृष्टीला म्हणाला की गुरुवारी तुमची सुट्टी असते ना, तर वडिलांना घेऊन या, खरी धार कशी असते ते दाखवतो. आक्का, प्रेमात पडलेल्या माणसानं मुलीला गोठ्यात बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. पण अकरा घरी चांगले कपडे घालून जे जमलं नाही ते म्हशीवर सोपवावं, असं मलाही वाटलं.

ती आली. गुरुवारी चारला, जोतिबारावांबरोबर. (ते माझ्यापासून लांब, पाय पोटाशी घेऊन बसले.) रविवारी व्यालेल्या म्हशीपाशी वीरधवलनं तिला उभं केलं, रेडकू सोडलं, मग बाजूला घेऊन बसला आणि वाट बघायला लागला. म्हैस नवीन माणूस बघून अंग चोरून उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी पुढं होऊन दोन सूचना करणार होतो, वहिनीनं बोटानंच मला जाग्यावर उभं केलं. ती पोरगी तिथं शेणात पाय रोवून उभी होती, बोलली नाही, फोन काढला नाही, नाकाला रुमाल लावला नाही. वीरधवल म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत तिच्याशी काहीतरी पुटपुटत होता. वीस मिनिटांनी म्हैस पान्हवली. पहिली धार बादलीच्या बुडाला वाजली तेव्हा सृष्टी म्हणाली, "सिनेमावाल्यांनी हे का नाही दाखवलं? मी हे तासभर बघितलं असतं."

वहिनीनं तिला आत नेलं. चहा केला, आणि हळदीकुंकवाच्या वेळी तुला साडी दिली होती ना, तसलीच एक कपाटातून काढली. मग मला समजलं की गोठ्यापाशी उभं राहून वहिनीनंही काहीतरी बघितलं होतं. चहा पिताना ती सृष्टीला म्हणाली, संध्याकाळच्या खेळाचं ऱ्हाऊ दे, बघू, मला एकदा बाल्कनीत बसव म्हंजे झालं. सृष्टीनं होकार दिला तो स्वयंपाकघरात, वहिनीला. मला तो दुसऱ्या दिवशी कळवण्यात आला. (घरातली सगळी महत्त्वाची बातमी मला दुसऱ्या दिवशी मिळते.) तिची एकच अट आहे. आठवड्याला एक सिनेमा, सकाळचा खेळ, दोघांनी बघायचा. झोप आली तर वीरधवलनं झोपावं, पण बाहेर आल्यावर झोपलो होतो असं खरं सांगावं. वीरधवल म्हणाला, हे जमंल.

बदलीचं अजून पक्कं नाही. झाली नाही तर काही दिवस ती सांगलीहून येजा करील, काही दिवस वीरधवल जाईल, आणि म्हशींना मी बघीन. (म्हशींनी अजून यावर मत दिलेलं नाही.) अडचणी येतील, तुला मी खोटं सांगत नाही. पण काल संध्याकाळी तो शेतावरून आला, वळणावर हॉर्न वाजला, आणि मी जाऊन फाटक उघडलं. त्यानं ट्रॅक्टर आत घेतला, एवढंच.

साखरपुडा माघात धरतो आहोत. तारीख तुझ्या पायाला विचारून ठरवू. दाजींना सांग की आहेराची चिंता नको, त्यांनी फक्त मागच्या वेळेसारखं माइकवर भाषण करू नये. थोरांस नमस्कार, तुझ्या नातवंडांना आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा जमेल तितक्या अंगांनी नमस्कार.

तुझा,
नाथाजी
(सुभेदार, निवृत्त)

ता. क. वर मी संगीताकडं लक्ष दिल्याचं लिहिलं आहे. नावं संपायच्या आत मला झोप लागली होती. वहिनी म्हणते मी घोरत होतो, आणि मध्यंतरात सृष्टी स्वतः आत येऊन माझ्या अंगावर कुठलीशी चादर टाकून गेली. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी तिनं चारचौघांत मला बुटांच्या नावाखाली सोडवलं. अशी सून घरात येतेय, म्हणून मी निश्चिंत आहे.

आणखी ता. क. गुरुवारी चहाच्या वेळी सृष्टीनं विचारलं की तुमच्या घरात सिनेमाचं वेड कुणालाच नाही का. वहिनी म्हणाली, थोरल्या वन्संना होतं, लय होतं, पण एकदा कराडच्या थेटरातनं सासऱ्यांनी खेळ अर्धा असताना हाताला धरून उठवून आणलं, त्यानंतर त्या कधी गेल्या नाहीत. सृष्टीनं विचारलं, कुठला सिनेमा. कुणालाच माहीत नव्हतं. मला तर फक्त एवढंच माहीत होतं की आबांना सांगितलं कुणी.

आक्का, मी सांगितलं. नऊ वर्षांचा होतो. मैत्रिणींबरोबर जाताना तू मला नेलं नाहीस, एवढाच राग होता. आबांनी मला गुळाचा खडा दिला आणि मी तो खाल्ला. तुला घरी आणलं तेव्हा मी माळ्यावर लपलो होतो, तू कुणाचं नाव घेतलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला माहीत नसावं. पुढं फौजेतून तीन-चार वेळा पत्रात लिहिलं आणि खोडलं. आता बावन्न वर्षं झाली. मघाशी फोनचं कारण सांगितलं ते अर्धंच खरं, हे मला ओरडून सांगता आलं नसतं म्हणूनही कागद घेतला.

सृष्टी म्हणते, नाव कळलं तर कितीही जुना असो, ती शोधून काढील आणि तिच्या धाकट्या पडद्यावर सकाळी तुझ्यासाठी लावील. पहिल्यापासून शेवटपर्यंत. थेटरात लिफ्ट आहे, काठी चालते. तेव्हा उलट टपाली नाव कळव. नाव आठवत नसेल तर आबांनी तुझा हात धरला तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं, तेवढं लिही. ते तू विसरली नसशील.